पिवळ्या दानाचा हिशेब

२०२० सालच्या पावसाळ्यात ‘प्लाझ्मा’ हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत शिरला. त्याआधी तो रुग्णालयाच्या भिंतीआड राहणारा शब्द होता. कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला हा पिवळसर द्रव आजाऱ्याला दिला की त्याची फुप्फुसे सावरतील, अशी आशा होती. राज्य सरकारने त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘प्लॅटिना’ नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला. दाता शोधणारे निरोप रात्री-अपरात्री फोनवरून फिरू लागले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. या उपचाराने मृत्यू कमी होत नाहीत आणि आजार बळावणेही थांबत नाही, असे तिच्यात दिसून आले. मे २०२१ मध्ये कोविडच्या मार्गदर्शक सूचनांतून तो वगळण्यात आला. शब्द आला तसा गेला. मागे उरला तो एवढाच समज, की प्लाझ्मा म्हणजे एक फसलेला प्रयोग.

हा समज पुसणे जरूर आहे. कारण त्याच पिवळ्या द्रवातून निघालेली दोन औषधे गेली कित्येक वर्षे, कसलाही गाजावाजा न करता, काही माणसांची फुप्फुसे राखत आली आहेत. त्यांचा कच्चा माल कारखान्यात बनत नाही. तो माणसाच्या दंडातूनच यावा लागतो. आणि तो देणाऱ्यांत शहापूर-मुरबाडच्या खेड्यांतली माणसेही असतात. शिवजयंतीला, गणेशोत्सवात, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शाळेच्या पडवीत खाटा मांडल्या जातात, तरुण मुले बाही सरकवून आडवी होतात, चहा-बिस्किट घेऊन, कधी एखादी पिशवी किंवा डबा घेऊन घरी जातात. आपण दिलेल्या रक्ताचे पुढे काय झाले, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यांनीही कधी विचारलेले नसते.

रक्तपेढी हा शब्द ज्याने घडवला, त्याला पेढीचा व्यवहार ठाऊक असला पाहिजे. बँकेत मुदतठेवींच्या पावत्यांवर सह्या करण्यात माझी वर्षे गेली, म्हणून असेल, पण या पेढीचे नियम मला फार ओळखीचे वाटतात. आपण अजून ‘बाटली दिली’ असे म्हणतो. प्रत्यक्षात आता असते ती प्लॅस्टिकची पिशवी. तीत साधारण साडेतीनशे मिलिलिटर रक्त मावते. हे रक्त यंत्रात गरगर फिरवले की त्याच्या निरनिराळ्या ठेवी होतात आणि प्रत्येकीची मुदत निराळी. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात. बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, जेमतेम पाच दिवस. आणि वर निवळून राहणारा पिवळा प्लाझ्मा उणे ३० अंशांवर गोठवला तर वर्षभर. रक्तात निम्म्याहून थोडा अधिक भाग याचा. त्यातही नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. पण उरलेल्या थोडक्या अंशात जी प्रथिने असतात, त्यांच्यात सगळे मोल साठलेले आहे.

ही प्रथिने वेगळी करण्याची रीत अमेरिकेत हार्वर्डच्या एडविन कोन यांनी १९४० च्या दशकात, महायुद्धाच्या धामधुमीत बसवली. थंड केलेला अल्कोहोल कमी-अधिक प्रमाणात मिसळायचा, तापमान आणि आम्लता बदलत जायची, की एकेक प्रथिन पाळीपाळीने खाली बसते. एका दुधातून साय, लोणी, ताक, तूप निघावे तसे एका प्लाझ्मातून अल्ब्युमिन निघते, रक्त गोठवणारे घटक निघतात, प्रतिपिंडे म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन निघतात, आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे एक प्रथिन निघते. यांतली शेवटची दोन फुप्फुसांच्या कामाची.

आधी अल्फा-१ ची गोष्ट. १९६३ साली स्वीडनमध्ये कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन हे दोघे रुग्णांच्या रक्तातली प्रथिने पट्ट्यांवर पसरवून तपासत होते. दीडेक हजार पट्ट्यांमधल्या पाच पट्ट्यांवर एक ठरावीक रेघ उमटलेलीच नव्हती. शोध घेतला तेव्हा त्यांतल्या तिघांची फुप्फुसे तरुण वयातच फुगून निकामी झालेली आढळली. ती न उमटलेली रेघ या प्रथिनाची होती. आपल्या फुप्फुसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एक तीक्ष्ण पाचक रस सोडतात. तो जंतूंबरोबर फुप्फुसाचे लवचीक धागेही कुरतडू शकतो. त्याला आवर घालणारा राखणदार यकृत तयार करते आणि रक्तावाटे फुप्फुसाकडे पाठवते. ज्यांच्यात हा राखणदार जन्मतःच कमी, त्यांचे वायुकोश हळूहळू विरत जातात. त्यात माणूस विडी-सिगारेट ओढणारा असेल, तर चाळिशीच्या आतच जिना चढणे मुश्किल होते.

यावर उपाय सरळ आहे. ज्यांच्या रक्तात हे प्रथिन पुरेसे आहे, त्यांच्या प्लाझ्मातून ते काढायचे आणि ज्याच्यात नाही त्याच्या शिरेत सोडायचे. अमेरिकेत १९८७ साली या औषधाला मान्यता मिळाली. दर किलो वजनाला ६० मिलिग्रॅम, दर आठवड्याला एकदा, आयुष्यभर. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर असे आढळले, की औषध मिळालेल्यांच्या फुप्फुसाची झीज मंदावली होती. झीज मंदावली, गेलेले फुप्फुस परत आले नाही. हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. घराचा पडलेला भाग या औषधाने उभा राहत नाही, उभा असलेला भाग अधिक काळ टिकतो.

हा दोष मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. आपल्याकडे तो विरळा. दुसरे औषध मात्र आपल्या दारातले आहे. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होई, रक्तात जंतू पसरत. तपासणीत त्याच्या रक्तात प्रतिपिंडांचा भाग जवळजवळ नसल्याचे दिसले. ब्रुटन यांनी इतरांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडे त्याला टोचायला सुरुवात केली आणि मुलगा सावरला. अशी मुले, आणि पुढे मोठेपणी असा दोष उघड होणारी माणसे, सगळ्या समाजांत असतात. वेळेवर प्रतिपिंडे मिळाली नाहीत, तर प्रत्येक न्यूमोनिया जाताना श्वासनलिकांवर वण ठेवून जातो. नलिका सैल आणि रुंद होतात, त्यांत कफ साठतो, तो कुजतो, पुन्हा ताप येतो. हा फुप्फुसाचा कायमचा आजार. तीन-चार आठवड्यांनी एकदा सलाइनसारखे इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर हे चक्र बरेचसे अडवता येते.

इथे वैशाखऱ्याची आठवण येते ती उगाच नव्हे. कल्याणहून मुरबाड ओलांडून माळशेजच्या रस्त्याने निघाले की वैशाखरे लागते, आणि तिथूनच नाणेघाटाची चढण जवळ करता येते. घाटमाथ्यावर, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. घाट चढून येणारा प्रत्येक तांडा त्यात आपले नाणे टाकी, अशी परंपरेने चालत आलेली कथा. प्लाझ्माचा कारखाना हाही असाच रांजण आहे. एकेका दात्याचा दीड-दोनशे मिलिलिटर प्लाझ्मा वेगळा शिजवत नाहीत. हजारो दात्यांचा एकत्र ओततात. इम्युनोग्लोब्युलिनसाठी तर किमान हजार दात्यांचा प्लाझ्मा एकत्र असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. कारण प्रत्येकाचे शरीर आपापली लढाई लक्षात ठेवते. कुणाला लहानपणी गोवर येऊन गेलेला असतो, कुणाला कांजिण्या, कुणी गावातल्या पाण्यातले जंतू पचवलेले असतात. या सगळ्या आठवणी प्रतिपिंडांच्या रूपाने रांजणात जमा होतात आणि ज्याच्या शरीराला काहीच आठवत नाही, त्याच्या उपयोगी पडतात. ज्या मुलखातले दाते, त्या मुलखातल्या जंतूंची ओळख त्या औषधात असते. म्हणून वैशाखऱ्याच्या शेतकऱ्याच्या प्लाझ्माला परदेशी प्लाझ्माने भरून न निघणारी किंमत आहे.

रांजणात एक खोटे नाणे पडले तर व्यापाऱ्याचे फार बिघडत नाही. इथे मात्र एक दूषित पिशवी सगळा रांजण नासवू शकते. १९८० च्या दशकात अशाच एकत्र केलेल्या प्लाझ्माच्या औषधांतून जगभर हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना एड्सच्या विषाणूची लागण झाली. त्यानंतर उष्णतेने आणि विशिष्ट रसायनांनी विषाणू निकामी करण्याच्या पायऱ्या या प्रक्रियेत आल्या. आपल्या देशात पैशासाठी रक्त विकणाऱ्यांची मोठी बाजारपेठ होती. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी १९९६ च्या निकालाने ती बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदानावर बंदी आली. तेव्हापासून या रांजणाची सारी भिस्त स्वेच्छेने देणाऱ्यावर आहे. शाळेच्या पडवीत आडव्या होणाऱ्या त्या पोरांवर आहे.

आता प्रमाणाचा विचार करू. प्लाझ्मा-औषधांच्या आंतरराष्ट्रीय उद्योग-संघटनेचा हिशेब असा, की प्रतिपिंडांची उणीव असलेल्या एका रुग्णाला वर्षभर पुरेल एवढे औषध बनवायला सुमारे १३० वेळचे प्लाझ्मादान लागते. अल्फा-१ च्या एका रुग्णाला ९०० वेळचे. हा हिशेब पाश्चात्त्य पद्धतीचा. तिथे यंत्राने फक्त प्लाझ्माच काढून घेतात, तोही एका बैठकीत आपल्या चौपट. आपल्या पिशव्यांच्या भाषेत मांडले, तर एका मुलाच्या वर्षभराच्या श्वासामागे पाचशेच्या आसपास रक्तदाते उभे राहावे लागतात. मुरबाड तालुक्यातली कितीतरी शिबिरे एकत्र केली, तेव्हा एक मूल जगते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण शाळेत गिरवली. तळे साचायला किती थेंब लागतात, ते असे मोजल्यावर कळते.

हे थेंब वाया जाऊ नयेत, यासाठी पहिली अट वेळेची. ताज्या गोठवलेल्या प्लाझ्मासाठी रक्त काढल्यापासून सहा ते आठ तासांत तो वेगळा व्हावा लागतो. घाटाच्या पायथ्याशी झालेल्या शिबिरातले रक्त वैशाखातल्या उन्हातून, वाहनांच्या गर्दीतून, घटक वेगळे करणाऱ्या पेढीत वेळेवर पोचले नाही, तर पिवळी ठेव मुदतीआधीच बुडते. दुसरी अट विनियोगाची. रुग्णालयांना तांबड्या पेशी जितक्या लागतात तितका प्लाझ्मा लागत नाही. तो शिल्लक राहतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१५ साली या शिलकीचा विनिमय दर लिटरला १६०० रुपये असा ठरवून दिला. रोख पैशाची देवघेव करायची नाही. पेढीने जादा प्लाझ्मा औषध-कारखान्याला द्यावा आणि त्या मोलाची साधने, साहित्य किंवा प्लाझ्मापासून बनलेली औषधे घ्यावीत, असा त्या निर्णयाचा आशय.

या निर्णयातले शेवटचे शब्द माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. प्लाझ्मापासून बनलेली औषधे घ्यावीत. असा कारखाना शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. याच ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईच्या रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेसमध्ये प्लाझ्माची औषधे बनतात. प्लाझ्मा फुकट दिला जातो, औषध मात्र महाग असते. त्यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही; शुद्धीकरण, तपासण्या, शीतगृहे यांना खर्च येतोच. पण फुकट मिळालेल्या कच्च्या मालाची परतफेड औषधाच्या रूपाने मागण्याची सोय सरकारनेच करून ठेवलेली असताना ती मागितली जाते का, हा प्रश्न विचारायला हवा. पेढीने पिशव्या घेतल्या, शिलकीचा प्लाझ्मा दिला, बदल्यात काय घेतले? यंत्राचे सुटे भाग घेतले, की एखाद्या मुलासाठी इम्युनोग्लोब्युलिनच्या कुप्या घेतल्या? सुटे भागही लागतात, हे मान्य. पण हिशेब दात्याच्या गावात कळला पाहिजे.

शहापूरच्या लोकांना हा प्रश्न नव्याने समजावून सांगावा लागणार नाही. तानसा आणि भातसा त्यांच्या तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईच्या नळाला येते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पाणी द्यायला कुणाची ना नाही. तहान शहरातल्या माणसालाही लागते. पण देणाऱ्याची कळशी कोरडी राहावी, हा न्याय नव्हे. रक्ताच्या बाबतीत तरी हेच पुन्हा घडू नये.

घडण्याचा धोका खरा आहे, आणि तो केवळ औषधाच्या किमतीत नाही. औषध मिळण्याआधी आजार ओळखावा लागतो. पाड्यावरचे मूल वारंवार खोकते, खंगते, तेव्हा पहिला संशय क्षयाचा येतो. आपल्या देशात तो यायलाच हवा. पण थुंकीत जंतू कधी सापडला नाही, सहा महिन्यांचा औषधक्रम झाला, दुसराही झाला, तरी न्यूमोनिया परत येतोच, तेव्हा कुणीतरी थांबून विचार केला पाहिजे. वर्षातून दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा कान फुटणे, सायनसचे दुखणे, वजन न वाढणे, घराण्यात अशाच आजाराने गेलेले एखादे मूल, या खुणा प्रतिपिंडांच्या उणिवेकडे बोट दाखवतात. रक्तातली त्यांची पातळी मोजण्याची तपासणी काही अवघड नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. त्याच परळच्या वाडिया बालरुग्णालयात अशा मुलांवर उपचार होतात. जगाला ‘बॉम्बे रक्तगट’ देणारे डॉ. य. मो. भेंडे यांचे संशोधन १९५२ साली याच शहरात झाले. विद्या आपल्याजवळ आहे. ती वैशाखऱ्यापर्यंत पोचायला मात्र एसटी आणि लोकल अशा दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि दर महिन्याला तसे करायचे म्हणजे बापाची मजुरी बुडते, आईची बुडते, घरी धाकटी भावंडे राहतात. एकदा निदान झाल्यावर दर महिन्याचे सलाइन ठाण्याला किंवा उल्हासनगरच्या सरकारी रुग्णालयात, जमल्यास त्याहूनही जवळ मिळण्याची सोय झाली, तर मूल उपचार सोडणार नाही. ही मागणी अवाजवी नव्हे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून कुणी दम लागणाऱ्या आजीला प्लाझ्मा द्या म्हणून दवाखान्यात हट्ट धरील. ग्रामीण भागात दम लागणाऱ्या बहुतेकांचा आजार या औषधांचा नाही. ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या अंदाजानुसार २०१६ मध्ये भारतात श्वासनलिका आवळून टाकणाऱ्या दीर्घ आजाराचे, म्हणजे सीओपीडीचे, साडेपाच कोटी रुग्ण होते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली जगापुढे मांडले होते, की धूम्रपान करणारे शंभर कोटी, तर लाकूडफाटा, गोवऱ्या यांच्या धुरात राहणारे तीनशे कोटी. तेव्हा या आजाराचे जगातले सर्वांत मोठे कारण कदाचित चुलीचा धूर असेल. ठाकर-कातकऱ्यांच्या झोपडीत पावसाळ्यातल्या ओल्या सरपणावर भाकरी थापणाऱ्या बाईला हे शोधनिबंधातून कळण्याची गरज नाही. तिचे डोळे आणि छाती ते रोज सांगत असतात. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरात आला. पण दुसरा भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. या आजींना हवा तो भरलेला सिलिंडर, धूर बाहेर जाईल असे छप्पर, विडी सोडायला मदत, श्वासावाटे घ्यायचे औषध आणि ते बरोबर ओढायला शिकवणारे कुणीतरी. त्यांना प्लाझ्माची आशा दाखवणे हे कोविडच्या चुकीची पुनरावृत्ती ठरेल.

प्लाझ्मा थोड्यांसाठी आहे. पण त्या थोड्यांना दुसरा आधार नाही, हेही तितकेच खरे. अठरा ते पासष्ट वयाच्या, ४५ किलोहून अधिक वजनाच्या, निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते. पुढच्या शिबिरात जो कुणी बाही सरकवील, त्याने सुई टोचण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. माझ्या रक्ताचे घटक वेगळे होणार आहेत का? आणि शिलकीच्या प्लाझ्माच्या बदल्यात तुमच्या पेढीने गेल्या वर्षी काय घेतले? आयोजकांनी डबा आणि पिशवी वाटण्याऐवजी या दोन उत्तरांचा कागद शाळेच्या फळ्यावर लावला, तरी पुष्कळ झाले.

नाणेघाटाच्या त्याच माथ्यावर, रांजणाशेजारच्या लेण्यात, राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञांच्या वेळी किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले, ते त्यात आकड्यांनिशी कोरले आहे. दान दिल्यावर त्याचा आकडा उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवायचा, ही रीत या डोंगराला जुनीच आहे. पायथ्याच्या गावांनी ती रक्ताच्या बाबतीत मागितली, तर ते काही नवे मागत आहेत असे कुणी म्हणू नये.